आधी कोणतं काम?

साथींनो, कामं ढीगभर पडलीत. मोर्चा, वर्गणी, पाटी रंगवणं, नकाशे, दावे. सगळं एकदम होत नाही. ग्रामसभेत बसून क्रम लावा.

ज्यांचा वनहक्क दावा उपविभागीय समितीनं फेटाळला, त्यांचं अपील पहिलं. जिल्हा समितीकडे जायला ६० दिवसच आहेत. मोर्चा पुढच्या महिन्यातही निघेल, गेलेली मुदत येत नाही.

दुसरं, म्हाताऱ्यांचे जबाब. १३ डिसेंबर २००५ आधीपासून जमीन कोण कसतं, हे त्यांना ठाऊक. लिहून घेतलेला जबाब पुरावा धरतात. त्याची घाई कुणी करत नाही, म्हणून राहून जातो. माणूस गेलं की पुरावाही गेला.

तिसरं, सामूहिक दावा. जंगल त्याच्यावरच टिकेल.

पाटी मागाहून रंगवू.