विश्लेषण : हॅम रेडिओ संगणकात शिरला, प्रयोगशाळेत कधी येणार?

खरखरीत बुडालेला क्षीण रेडिओ संदेश शोधण्याचे काम आता घरचा संगणक करतो. अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी मात्र ‘डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग’ हा विषय गणिते सोडवून परीक्षेपुरताच शिकतात. हे बदलायला मोठा खर्च लागत नाही.

संगणक नेमके काय करतो?

जुन्या संचात नको असलेले संदेश गाळण्याचे काम कॉइल, कपॅसिटर आणि क्रिस्टल फिल्टर करत. आता येणाऱ्या संदेशाची सेकंदाला हजारो वेळा मोजणी होते आणि त्या आकड्यांवर गणित करून संदेश गाळला जातो. संगणकाचे साउंड कार्ड सहसा सेकंदाला ४८ हजार नमुने घेते. हॅम रेडिओवरचे बोलणे साधारण ३ किलोहर्ट्झमध्ये मावते, त्यामुळे तेवढे पुरते.

‘एफटी८’ काय आहे?

साउंड कार्डावर चालणारी ही संदेशपद्धत २०१७ मध्ये आली. ती जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी तयार केली. टेलर यांना पल्सरवरील संशोधनासाठी १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. एफटी८मध्ये दर १५ सेकंदांना एक छोटा संदेश जातो आणि तो जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेतो. कानाला फक्त खरखर ऐकू येत असताना संगणक त्यातून कॉलसाइन वाचतो. गप्पा मारायला मात्र ही पद्धत उपयोगाची नाही.

मग स्वस्त डोंगल पुरेल?

शिकण्यासाठी हो. टीव्ही पाहण्यासाठी बनलेली ‘आरटीएल२८३२यू’ चिपची डोंगल कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२च्या सुमारास हौशी मंडळींनी दाखवून दिले. ती सेकंदाला २० लाखांहून अधिक नमुने घेते. पण प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे मोजपट्टीवर २५६च खुणा. शेजारी जोरदार केंद्र असेल तर क्षीण संदेश त्यात हरवतो. नमुन्यातच न उतरलेला संदेश कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून चांगली अँटेना आणि फिल्टर आजही लागतातच. हा धडा फळ्यावरच्या गणितापेक्षा डोंगल लवकर शिकवते.

महाविद्यालयांनी काय करावे?

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या ‘जीएमआरटी’ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संदेशही अखेर आकडे होऊनच प्रक्रियेला जातात. तिथले काम प्रचंड मोठे असले, तरी मूळ तत्त्व तेच आहे. इलेक्ट्रॉनिक्स शाखा असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने हॅम क्लब केंद्राचा परवाना घ्यावा आणि विद्यार्थ्यांना दूरसंचार विभागाच्या परवाना परीक्षेला बसवावे. परवान्याशिवाय प्रक्षेपण बेकायदा आहे. उपकरणे घेण्याआधीही नियम तपासायला हवेत. कागदपत्रांची ही खटपट एकेकट्या विद्यार्थ्यावर सोडली, तर बहुतेक जण उंबरठ्यावरूनच परततील. ती संस्थेनेच अंगावर घेतली पाहिजे.