एम.कॉम. झालेल्या पोराला गावात पगार कोण देणार?

शहागड भागातली कॉमर्सची मुलं बी.कॉम. करतात, काही पुढे छत्रपती संभाजीनगरला एम.कॉम.ला जातात. नंतर बँकेची परीक्षा, तलाठी भरती, पोलीस भरती. दोन वर्षं शिकलेलं व्यावसायिक अर्थशास्त्र गावात त्यांना कुणी विचारत नाही. इकडं गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत आणि त्यांचं अडतंय नेमकं तिथंच.

हा विषय कास्तकाराला परका नाही. समजा, 20 क्विंटल सोयाबीन आहे आणि मोंढ्यात भाव 4,000 चालू आहे. विकायचं की ठेवायचं? पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्के, म्हणजे 60,000 रुपये सहा टक्के व्याजाने मिळतात. सहा महिन्यांचं व्याज 1,800, म्हणजे क्विंटलमागं 90 रुपये. ओल उडून दोन टक्के वजन घटलं तर आणखी 80. उरलेले 20,000 मालात अडकले. त्याच वेळी घरात सावकाराचे शेकडा दोन रुपये महिन्याचे 20,000 फिरत असतील तर सहा महिन्यांत 2,400 गेले, क्विंटलमागं 120. बेरीज 290. भाडं, हमाली वेगळीच. भाव 4,200 झाला म्हणून पेढे वाटणारा गडी खरं तर तोट्यात आहे! या अडकलेल्या पैशाच्या हिशेबाला पुस्तकात संधी खर्च म्हणतात.

हमीभावाचंही तसंच. सरकार दीडपट भाव देतो म्हणतं ते खिशातून केलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी यांच्या दीडपट. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज त्यात धरत नाहीत. ते धरून जो खर्च निघतो त्यावर दीडपट द्या, ही शेतकरी संघटनांची मागणी आहे. ग्रामसभेत हा फरक समजावून सांगणारा एक तरी माणूस असावा की नाही?

शिकलेला अर्थशास्त्रज्ञ आणि शेतकरी एकत्र आले तर काय होतं हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले. प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर ते होते, कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. शेतकऱ्यांचा विश्वास विखे पाटलांनी आणला, ताळेबंदाची शिस्त गाडगीळांनी. आपल्या अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरचा समर्थ कारखानाही सहकाराच्या त्याच वाटेवरचा.

आता मुद्द्यावर येऊ. 2002 च्या कायदादुरुस्तीनं शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता आली. 2020 मध्ये केंद्रानं दहा हजार कंपन्यांची योजना आणली. तीत मॅनेजर, हिशेबनीस, ऑफिस यांसाठी एका कंपनीला तीन वर्षांत कमाल 18 लाख रुपये, म्हणजे महिन्याला 50,000 पर्यंत मिळतात. तीन वर्षं संपली की काय?

मैदानी भागात या योजनेसाठी किमान 300 सभासद लागतात. प्रत्येकानं दहा क्विंटल सोयाबीन दिलं तर 3,000 क्विंटल, 4,000 च्या भावानं एक कोटी वीस लाखांची उलाढाल. त्यावर एक टक्का राहिला तर वर्षाला 1,20,000, महिन्याला दहा हजार. त्यात ऑफिसचं वीजबिलही आलं. एवढ्यावर एम.कॉम. झालेला मुलगा शहागडला थांबणार नाही, आणि त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही. संचालकाचा पुतण्या मॅनेजर होतो, वह्या मागं पडतात.

नुसत्या सोयाबीनवर हे जमायचं नाही. कापूस, तूर, मोसंबी, शिवाय खत-बियाण्याची विक्री धरून उलाढाल चार कोटींवर गेली तर त्याच एक टक्क्यात महिन्याला तेहतीस हजार येतात. पण सभासदानं माल कंपनीला द्यायला हवा. उचल घेतलेल्या आडत्याकडं माल जातो तोवर हे आकडे कागदावरच. म्हणून वार्षिक सभेत लाभांशाच्या आधी दोन गोष्टी विचारा : गेल्या हंगामात किती सभासदांनी माल घातला, आणि अनुदान बंद झाल्यावर मॅनेजरचा पगार कोणत्या पैशातून निघणार?