गोळीचा असर उतरताना धंद्याचा निर्णय घेऊ नका



कर्ज, जीएसटी, मार्केटिंग यावर आपण नेहमीच बोलतो. आज अशा विषयावर बोलू, जो बाजारपेठेत कोणी उघडपणे काढत नाही. एन्झायटीची गोळी घेऊन धंदा करणारे लोक आपल्यातच आहेत. सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत ठीक असतं. मग संध्याकाळी पुन्हा छातीत धडधड, तळहाताला घाम आणि "आता सगळं बुडणार" हा एकच विचार.

समजा, रिसोडला तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. खरिपात बियाणं-खत उधारीवर दिलं, वसुली सोयाबीन निघाल्यावर. संध्याकाळी जीव घाबरा झाला आणि तुम्ही होलसेलरची ऑर्डरच रद्द केली. सकाळी वही उघडली तर हिशोब कालसारखाच होता. म्हणजे बदललं काय? फक्त घड्याळ.

अल्प्राझोलामसारख्या गोळीचा असर काही तासच टिकतो. तो उतरताना घबराट परत येते, कधी आधीपेक्षा जोरात. एस्सिटालोप्रामसारख्या रोजच्या गोळीचं वेगळं आहे. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण एका डोसचा असर दिवसभर राहतो. आणि कधी धडधडीचं कारण चौथा चहा किंवा उपाशी पोट हेही असतं. नेमकं काय ते डॉक्टरच ठरवणार.

माझं मत स्पष्ट आहे. "पॉझिटिव्ह राहा, गोळ्या सोडा" असं स्टेजवरून सांगणाऱ्या ट्रेनरचं ऐकू नका. अल्प्राझोलाम अचानक बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. मनानेच जास्त घेतली तर सवय लागते. दारूसोबत तर जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय?

१. रोजमेळ लिहिता तसं दोन आठवडे लिहा: गोळी किती वाजता, घबराट किती वाजता, जेवण कधी, चहा किती. ही वही डॉक्टरांना दाखवा. वेळ, डोस किंवा औषध बदलायचं का, समुपदेशन जोडायचं का, हे ते सांगतील.

२. तोपर्यंत त्या वेळेत पैसे, उधारी, भागीदारी यावर निर्णय नाही. समोरच्याला सांगा, "सकाळी कळवतो." तेव्हा माल मोजा, रॅक लावा.

३. दुकानातला माल संपायच्या आधी ऑर्डर देता ना? गोळ्यांचंही तसंच. चिठ्ठी वेळेवर नवी करून घ्या.

२०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात वाशिमही होता. आपला ग्राहक तोच शेतकरी आहे. त्याचं पीक गेलं की आपली उधारी अडकते. मग मदत त्याला लागते आणि दुकानदाराला लागत नाही, असं कसं?

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वही-बिही नंतर. आधी घरच्या कोणाला तरी जवळ बसवा आणि लगेच हा नंबर लावा.

मशीनला सर्व्हिसिंग लागतं हे आपण मान्य करतो. मग मशीन चालवणाऱ्याला लागलं तर त्यात लाज कसली?

भेटू पुढच्या व्हिडिओत.