मनात पाऊल टाकू नका

हा शेवटचा कागद आहे. यानंतर विनंत्या होणार नाहीत.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले वकील, शिक्षक, मच्छीमार, बागायतदार. राज्य सरकारला निवेदने दिली. पोच मिळाली, उत्तर आले नाही. भेटीची वेळ मागितली, ती पुढे ढकलली गेली. आम्ही थांबलो. थांबणाऱ्यांत दम नाही, असा समज झाला असेल तर तो आजच सोडावा.

प्रश्न साधा आहे. माणसाच्या डोक्यात काय चालले आहे, ते त्याच्या मर्जीविरुद्ध वाचण्याचा अधिकार कोणाला आहे?

आमच्या मते, कोणालाही नाही.

ही पुढची गोष्ट आहे, असे आम्हाला सांगितले जाते. ती घडून गेली आहे. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावली. पुराव्यांत मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी होती. आरोपी महिलेने तोंड उघडायचे नव्हते. डोक्याला लावलेल्या तारांवरून तिच्या आठवणी कळल्या, असा दावा झाला. त्याच वर्षी निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची चाचणी, यांपैकी काहीही सक्तीने करता येणार नाही.

एक फट मात्र राहिली. संमती असेल तर चाचणी चालते. कोठडीतली संमती किती मोकळी असते, हे पोलीस ठाण्यात रात्र काढलेल्या कोणालाही विचारा.

यंत्रे तेव्हापासून पुढे गेली. 2023 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवरून, माणसाने ऐकलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत उतरवला. त्यासाठी प्रत्येकाला सुमारे 16 तास यंत्रात पडून राहावे लागले. ज्याने साथ दिली नाही, त्याच्यापुढे यंत्र हरले. ही अडचण कायमची आहे, असे कोणी धरून चालू नये.

चीनमध्ये 2019 साली शाळकरी मुलांच्या कपाळावर लक्ष मोजणारे पट्टे चढले होते. चिलीने 2021 मध्येच मेंदूतील माहितीला राज्यघटनेचे संरक्षण दिले. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तिच्यासाठी वेगळे कलम नाही.

रत्नागिरीला पाळत नवी नाही. 1886 मध्ये ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाला इथे आणून ठेवले. 1916 मध्ये तो इथेच वारला. सावरकर 1924 ते 1937 या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. इंग्रजांनी हद्द आखली, राजकारण बंद केले. मनात शिरणे त्यांना जमले नाही. आमच्या मतांवर निवडून आलेल्यांनी ते करू नये.

वाडी कशी टिकते, ते आम्ही जाणतो. भावकीत बांधावरून दावा चालू असतो. पोटात राग असतो, ओठावर येत नाही. गणपतीत तीच दोन घरे आरतीला शेजारी उभी राहतात. मनात येणे आणि बोलणे, या दोहोंच्या मध्ये माणूस स्वतःला आवरतो. आपण कोण व्हायचे, ते तिथेच ठरवतो.

ती जागा उघडी पडली, तर मनात आलेला राग हाच गुन्हा ठरेल. नवस, शंका, प्रेम, सगळ्याला साक्षीदार असेल. मतदान गुप्त ठेवण्याला मग काय अर्थ उरतो?

म्हणून सांगतो. कोठडीत दिलेल्या संमतीवर मेंदूची चाचणी करू नका. शाळेत, कारखान्यात, बोटीवर कोणाच्याही डोक्याला असे यंत्र लावू नका. मेंदूच्या नोंदी ज्याच्या त्याच्या मालकीच्या, असा कायदा राज्याने करावा.

मुदत 5 मे. ती वाढणार नाही.

6 मेपासून ग्रामसभांत ठराव होतील. शाळेतून असे यंत्र लावण्याचे संमतीपत्र आले, तर एकही पालक सही करणार नाही. चाचणीसाठी नेल्या जाणाऱ्या प्रत्येक आरोपीमागे आमचा वकील उभा असेल.

याचिका लिहून तयार आहे. पूर्वी तिच्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. आंबा घाटाचा रस्ता आम्हाला पाठ आहे.