जमिनीपासूनची उंची कोण मोजणार?



जुन्या मोटारी ‘लो’, म्हणजे जमिनीलगत बसक्या, करून घेण्याच्या हौसेवर गेल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यात या प्रकाराला तरुणांची निरुपद्रवी आवड ठरवून मोकळे होण्याची जी घाई दिसते, ती गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांवर रोज वाहन चालवणाऱ्यांना पटण्यासारखी नाही. लेखात रिमांची वर्णने आहेत, रंगाची आहेत, स्टिरिओचीही आहेत. मात्र ज्या एका आकड्यावर सारे अवलंबून आहे, तो आकडा त्यात कोठेच नाही.

हा आकडा ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या तळाचा सर्वांत खाली आलेला भाग आणि जमीन यांच्यामधील अंतराचा होय. मारुती ८०० किंवा अॅम्बेसेडर यांसारख्या गाड्यांत तो, गाडी रिकामी असताना, साधारण १६ ते १७ सेंटिमीटर भरतो. त्यातून ५ सेंटिमीटर काढून घेतले की ११-१२ उरतात, आणि चार माणसे बसून डिकीत तांदळाचे दोन कट्टे पडले की स्प्रिंगा दबून तेही घटतात. धानाच्या या जिल्ह्यात राईस मिलकडे जाणाऱ्या ट्रकांनी आणि रोवणीच्या दिवसांत चिखल तुडवत येणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांना खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यांच्या मधला उंचवटा वाळून टणक झालेला असतो, आणि ११ सेंटिमीटरवर आणलेली गाडी त्यावरून नेली तर सर्वांत आधी जे घासते ते चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाशी बसवलेले तेलाचे भांडे. चेंबर फुटले तर तेल सांडते, इंजिन जाम होते आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते. ब्रेकची नळी सापडली तर गाडी उभीही राहत नाही, आणि मग प्रश्न केवळ मालकाच्या हौसेचा उरत नाही.

उंची कमी करण्याच्या पद्धतीही तपासून पाहण्यासारख्या आहेत. २०१४ मध्ये ज्या अॅम्बेसेडरचे उत्पादन थांबले, तिच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ सोसून भार पेलणारी पोलादी दांडी. ही दांडी तिच्या खाचांतून फिरवून बसवली की गाडीचा पुढचा भाग खाली येतो, स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो, पण चाकाला वर सरकण्यासाठी ठेवलेली जागा मात्र कमी होते. प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग असल्यामुळे तिथे मिस्त्री स्प्रिंगचा एक वेढा सरळ कापून टाकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गॅसच्या ज्योतीने ती तापवून बसवतो, ज्यामुळे पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते आणि ती पुढे केव्हा तुटेल याचा भरवसा उरत नाही. आठ वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. परंतु चाकाची वर सरकण्याची जागा निम्म्यावर येत असताना एवढ्याशा कडकपणाने भागत नाही, आणि खड्डा आला की चाक बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, आदळते. कापलेली स्प्रिंग, चाक खाली लोंबले असता, आपल्या बैठकीतून निसटण्याचाही धोका असतो. चाकांचा कोन बिघडून टायर आतल्या बाजूने झिजतात, हे नुकसान त्या मानाने किरकोळच म्हणावे लागेल.

कायद्याचे काय, असा प्रश्न येथे साहजिक येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. हौशी मंडळी यावर बिनतोड उत्तर दिल्याच्या आविर्भावात सांगतात की प्रमाणपत्रात ग्राउंड क्लिअरन्सची नोंदच नसते, तेव्हा बदल झाला हे ठरवायचे कशावरून? दुर्दैवाने हे म्हणणे निम्मे खरे आहे. प्रमाणपत्रात पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर असते, आसनसंख्या असते, रिकाम्या गाडीचे वजन असते, रंगसुद्धा असतो. जमिनीपासूनची उंची तेवढी नसते.

शासनाला ही उंची मोजता येत नाही असे मात्र मुळीच नाही. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने मोठ्या एसयूव्ही गाड्यांवरील उपकरासाठी १७० मिलिमीटरची मर्यादा धरली आणि ती रिकाम्या गाडीची धरावी असेही स्पष्ट केले. कर घ्यायचा असला की उंची मिलिमीटरमध्ये मोजली जाते, माणसाचा जीव राखायचा असला की तिच्यासाठी रकानाही सापडत नाही, हा न्याय अजब आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना १ एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये शुल्क घेतले जाते, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. एवढे पैसे घेतल्यावर नूतनीकरणाच्या तपासणीतच फुटपट्टी लावून उंची नोंदवायला कितीसा वेळ लागणार आहे? एम.एच. ३५ क्रमांकाच्या प्रत्येक जुन्या गाडीसाठी हा रकाना सुरू व्हावा, आणि मूळ आकड्यापेक्षा ती ३ सेंटिमीटरहून अधिक खाली आढळल्यास नूतनीकरण थांबवावे. स्प्रिंगा थकून बसलेल्या प्रामाणिक मालकांच्या गाड्याही यात अडकतील, अशी हरकत निघेल. तर अडकू द्याव्यात, कारण थकलेली स्प्रिंग बदलणे हे त्यांच्याही हिताचेच आहे.

‘दोष गाडीचा नाही, ब्रेकरचा आहे’ हे त्या लेखातील वाक्य मात्र पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. मारुती ८०० च्या दोन्ही धुरांमध्ये २.१७५ मीटर अंतर असल्यामुळे अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडी आली असता तिच्या पोटाखालची जागा हिशेबाने जेमतेम साडेतीन सेंटिमीटरने कमी होते, म्हणजे बसकी केलेली गाडीसुद्धा सहज पार पडते. याउलट गावोगावी रातोरात घातले जाणारे हातभर रुंदीचे सिमेंटचे बांध पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतात आणि आपली सगळी उंची गाडीच्या पोटात खुपसतात. तिथे मूळ उंचीची भरलेली गाडीही घासते, दुचाकीस्वार पडतात आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाचे हाल होतात. त्याच सूचनांप्रमाणे गतिरोधकावर काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी इशाऱ्याचा फलक असायला हवा. यातले काय काय आपल्या गावात आहे, हे वाचकांनी आपापल्या शाळेसमोरच्या ब्रेकरवर जाऊन पाहावे. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी हे बांध पावसाळ्यापूर्वी खरवडून काढावेत आणि जेथे गतिरोधकाची खरोखर गरज आहे तेथे ते मापाप्रमाणे पुन्हा घालावेत. त्यासाठी बसक्या गाड्यांवरील कारवाईची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि ब्रेकर सुधारेपर्यंत त्या कारवाईला थांबवून धरण्याचेही नाही.

— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)