बी-२ : दोन अब्ज डॉलर विमानाचे की कपातीचे?

२२ जून २०२५ रोजी सात बी-२ विमानांनी इराणच्या फोर्दो व नतान्झ येथील अणुकेंद्रांवर १४ महाबॉम्ब टाकले आणि समाजमाध्यमांवर जुनेच वाक्य नव्याने फिरू लागले : हे विमान सोन्याच्या भारोभारही मिळणार नाही, एकेकाची किंमत दोन अब्ज डॉलर! कोणी त्यात अमेरिकेचे ऐश्वर्य पाहिले, कोणी उधळपट्टी. भागाकार मात्र कोणी तपासला नाही.

मूळ योजना १३२ विमानांची. सोव्हिएत रडारजाळ्यातून नकळत आत शिरणे हे त्यांचे प्रयोजन. नोव्हेंबर १९८८ मध्ये पामडेल येथे पहिले विमान जगाला दाखवले गेले आणि वर्षभरातच बर्लिनची भिंत पडली. १९९० मध्ये संरक्षणमंत्री चेनी यांनी आकडा ७५ वर आणला, १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी २० वर. पुढे एक चाचणी-विमान युद्धसज्ज करून २१ झाली. संशोधनाचा खर्च तोवर होऊन गेला होता. १३२ विमानांत वाटला जायचा तो २१ विमानांच्या माथी बसला. १९९७ च्या दराने नुसते विमान सरासरी ७३.७ कोटी डॉलरचे. सुटे भाग व अन्य साहित्य धरून ९२.९ कोटी, संशोधन-चाचण्या मिळवल्या की २१३ कोटी.

शीतयुद्ध संपल्यावर १३२ विमाने कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु वीसवर थांबणे ही बचत होती, हा दावा टिकत नाही. एवढ्याशा ताफ्यासाठी कोणता पुरवठादार साचे आणि कारागीर तीस वर्षे सांभाळून ठेवील? २०२१ मध्ये त्याचे उत्तर निविदेच्या रूपाने बाहेर आले. बी-२ च्या शीतकरण यंत्रणेतील उष्णता-विनिमयकाचा गाभा उलगडून तो पुन्हा कसा घडवावा हे शोधून देणारा कंत्राटदार अमेरिकी हवाई दलाला हवा होता. दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेली अमेरिकी बी-२९ विमाने सुटी करून सोव्हिएतांनी टीयू-४ हे हुबेहूब विमान बनवले होते. पण ते निदान परक्याचे यंत्र होते. येथे स्वतःच्याच विमानाचे ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ करण्याची पाळी आली!

लहान ताफ्यात प्रत्येक हानी मोठी ठरते. २००८ मध्ये ग्वाम येथे संवेदकांत शिरलेल्या ओलाव्यामुळे संगणकाला हवेच्या दाबाची चुकीची माहिती मिळाली आणि ‘स्पिरिट ऑफ कॅन्सस’ उड्डाण करतानाच कोसळले. दोन्ही वैमानिक बचावले. डिसेंबर २०२२ मध्ये मिसुरीतील व्हाइटमन तळावर आणखी एक विमान अपघातात सापडले. त्याची दुरुस्ती परवडणारी नाही असे ठरवून २०२४ मध्ये ते सेवेतून काढण्यात आले. उरली १९. इराणवर गेलेली सात त्यांतलीच, म्हणजे ताफ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक.

आता बी-२१ येत आहे. योजना किमान १०० विमानांची आहे.