वाढत्या अंगाची सायकल नको

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा आणि आसपासच्या खेड्यांतले मायबाप, गुरुजी आणि सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री, तुम्हा सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. मुलाला किंवा मुलीला सायकल घेऊन द्याल, किंवा शाळेतून मिळालेली घरी आणाल, तेव्हा ती त्यांच्या आजच्या मापाची आहे का हे आधी पाहा. ‘पुढच्या वर्षी उंची वाढेल, मग बसेल’ हा हिशोब सायकलीला लावू नका.

शाळेचा सदरा आपण वाढत्या अंगाचा शिवतो, कारण बाही दुमडून काम भागतं. सायकलीला दुमडायची बाही नसते. मोठ्या सायकलीवर बसलेल्या मुलाचे पाय थांबताना जमिनीला टेकत नाहीत. पायडल खाली गेलं की त्याला कंबर वाकडी करून पाय पुरवावा लागतो. ब्रेकवर बोटं नीट बसत नाहीत. गावातल्या गल्लीत हे कसंबसं निभावतं. पण आपल्याकडे नागपूर–छिंदवाडा महामार्ग आहे. सिल्लेवानी घाटाकडून येणारे ट्रक, संत्र्याच्या हंगामात भरलेल्या गाड्या, एस.टी. आणि मोटारी, सगळं याच रस्त्याने धावतं. मागून मोठा भोंगा वाजला की मुलाला कडेला होऊन थांबता आलं पाहिजे. त्या क्षणी पाय जमिनीला टेकला तर मूल सावरतं, नाही टेकला तर सायकलीसकट आडवं होतं.

मध्य प्रदेश सरकारची सायकल योजना आपल्या ओळखीची आहे. ज्यांच्या गावात सरकारी माध्यमिक शाळा किंवा हायस्कूल नाही आणि ज्यांना शिकायला दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत जावं लागतं, अशा सहावीच्या आणि नववीच्या मुलामुलींना सायकल मिळते. सहावीला १८ इंची, नववीला २० इंची. म्हणजे माप वर्गावरून ठरतं. मुलं मात्र वर्गावरून वाढत नाहीत. मुलींची उंची साधारण १० ते १३ वर्षांच्या दरम्यान भराभर वाढते, मुलांची १२ ते १५ च्या दरम्यान, आणि ऐन वाढीच्या वर्षात ती ७ ते ९ सेंटिमीटरही वाढते. त्यामुळे नववीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोघांत वीतभर उंचीचा फरक सहज दिसतो. त्या दोघांना एकाच मापाची सायकल मिळाली, तर ती ज्याच्या-त्याच्या अंगाला बसवून देणं हे घराचं आणि शाळेचं काम आहे.

हे काम किरकोळ समजू नका. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. सायकल मुलीला शाळेपर्यंत नेते, हे यातून सिद्ध झालं. पण जिच्यावर बसायची भीती वाटते, ती सायकल ओसरीत उभी राहते. मग एक दिवस पाय दुखतो म्हणून शाळा बुडते, दुसऱ्या दिवशी सोबत कुणी नाही म्हणून.

आधी पाय मोजा

नुसत्या उंचीवर जाऊ नका. सारख्या उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. सायकलीला पायाचं माप लागतं. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा. दोन पायांत वीतभर अंतर ठेवा. पुठ्ठ्याची वही कण्याची बाजू वर करून दोन मांड्यांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यासारखी घट्ट वर टेकवा. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेपने मोजा. हे माप वहीत लिहून ठेवा. दुकानात जाताना तेच सोबत न्या.

दुकानात आकडा ऐकताना तो कशाचा आहे हे विचारा. लहान मुलांच्या सायकलीत १६, २० किंवा २४ इंच म्हणजे चाकाचा व्यास. मोठ्यांच्या साध्या सायकलीत २० किंवा २२ इंच म्हणजे बहुधा फ्रेमची उंची. जुन्या २२ इंची काळ्या सायकलीचं चाक २८ इंची असतं. चाकाच्या हिशोबाने साधारण अंदाज असा: ११५ ते १३५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला २० इंची चाक, १३० ते १५० सेंटिमीटरला २४ इंची, त्याच्या वर २६ इंची. हा अंदाजच आहे. शेवटचा निर्णय सायकलीवर बसवून घ्यायचा.

दांड्याची सायकल असेल तर मुलाला दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, तळवे पूर्ण टेकवून उभं करा. दांडा आणि मांडीचा सांधा यांत निदान दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. दांडा अंगाला लागत असेल, तर ती सायकल कितीही स्वस्त मिळत असली तरी परत करा.

सीट कुठे बसवायची

सायकल नुकतीच शिकणाऱ्या मुलाची सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतील. भीती मोडायला याहून चांगला उपाय नाही. तोल सावरायला आला, की सीट थोडी थोडी वर घ्या.

चांगली चालवणाऱ्यासाठी कसोटी अशी: मुलाला सीटवर बसवा, कुणीतरी सायकल धरा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो, तोच हवा. आकड्यात पाहायचं तर तीन वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या अमेरिकन ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं गणित सोपं आहे. पायाच्या मापाला ०.८८ ने गुणा. पायाचं माप ७० सेंटिमीटर असेल, तर पायडलाचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ६२ सेंटिमीटर. महामार्गाने जाणाऱ्या मुलाची सीट मात्र दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतील एवढीच वर ठेवा. थोडा वेग कमी झाला तरी चालेल.

सीट फार खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असली की गुडघ्याच्या मागे दुखतं आणि पायडल मारताना कंबर दोन्हीकडे झुलते. मूल गुडघा दुखतो म्हणालं तर मलम लावण्याआधी सीट पाहा. आणि सीटच्या नळीवर जी रेष असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेपर्यंत नळी कधीही वर काढू नका. नळी आत पुरेशी नसेल तर ती वाकते किंवा मोडते.

हात आणि पावलं

हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं असावं. हात ताणलेले असतील तर सीट पुढे सरकवून पाहा. हँडल पूर्ण वळवलं तर ते गुडघ्याला लागता कामा नये. हँडल वळवलेलं असताना पायडल पुढे आणा आणि चपलेचं टोक पुढच्या चाकाला घासतं का तेही पाहा. घासत असेल, तर सावकाश वळण घेताना मूल पडतं. ब्रेकवर दोन बोटं तरी सहज पोचली पाहिजेत आणि दाबल्यावर ब्रेक हँडलला टेकता कामा नये. लहान हातांसाठी ब्रेक जवळ आणायचा स्क्रू काही सायकलींना असतो, तो असेल तर मिस्त्रीला सांगून नीट लावून घ्या.

पायडलावर पावलाचा चवडा ठेवायला शिकवा, मधला खोलगट भाग नाही. चवड्याने जोर लागतो आणि घोटा मोकळा राहतो. शाळेला जाताना मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. पावसाळ्यात ओल्या पायातली स्लिपर पायडलावरून सटकते. मुलींच्या सायकलीला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलीच पाहिजे. ओढणी मागे लोंबू न देता कमरेला बांधा.

मोठ्या भावाची जुनी सायकल बहिणीला देताना हे सगळं तपासा. आपल्यापैकी अनेकजण दांड्याखालून पाय घालून, कैंची मारत सायकल शिकलो. मैदानात शिकायला ते ठीक होतं. रोज ट्रकच्या शेजारून जायला ती पद्धत नको. जुनी सायकल मोठी पडत असेल तर ती विकून लहान मापाची जुनीच घ्या.

मोठ्यांनीही स्वतःची सायकल एकदा तपासावी. कॅरियरवर दुधाचे कॅन किंवा धान्याचं पोतं असताना पाय टेकला नाही, तर ते वजन सावरत नाही. गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांना दांड्यावरून पाय टाकायला लावू नका. त्यांना बिनदांड्याची, खाली वाकलेल्या फ्रेमची सायकल घ्या.

आता एवढं करा. ज्या शाळेत सायकली वाटल्या जातील, तिथल्या गुरुजींनी त्याच दिवशी गावातल्या एका मिस्त्रीला पाना घेऊन बोलवावं आणि प्रत्येक मुलाला बसवून सीट लावून द्यावी. त्याचा थोडा खर्च पालकांनी किंवा ग्रामपंचायतीने उचलावा. सायकल खूपच मोठी पडत असेल, तर शाळेने दुसऱ्या मुलाशी अदलाबदल होते का ते तिथेच पाहावं. मिस्त्रीभाऊंनो, पंक्चर काढायला आलेल्या शाळकरी मुलाला एकदा सीटवर बसवून बघा आणि दोन मिनिटं पाना फिरवा. आणि मायबापहो, पोळ्याला, दिवाळीला आणि संक्रांतीला, वर्षातून तीनदा, घरातल्या मुलाचा पाय पुन्हा मोजा आणि सीट त्या मापाला आणा. यासाठी नवी सायकल लागत नाही, जास्त पैसाही लागत नाही. मूल शाळेत रोज जावं आणि रोज सुखरूप परत यावं, असं वाटणाऱ्या प्रत्येकाने या आठवड्यात आपल्या दारातल्या सायकलीपासून सुरुवात करावी.